दोन शेपट्या, की तीन

जाळं खालच्या अंगाला धर, झिबुयिले,
तोंड प्रवाहाकडे. तू त्याच्या वर उभी राहा
आणि दगड तुडव,
टाचेनं, कुणाचा तरी राग काढल्यासारखे.
दोन मिनिटं. घड्याळ म्झामोकडे आहे.
बूट फुटका निघाला तर ओरडू नकोस,
माझाही फुटकाच. संस्थेला तीन पत्रं लिहून झाली.

आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेव,
ओली बाजू खाली.
त्याच्या पोटाशी कुणीतरी बिऱ्हाड केलेलं असतं.

नळीचं काम मघाशी झालं:
मीटरभर पाणी, तळाशी काळी चकती,
चकती दिसू लागेपर्यंत पाणी सोडत गेलो.
एकोणीस सेंटिमीटर.
सकाळी वरच्या पुलापाशी ब्याऐंशी होतं.
मधे दीड किलोमीटर, सहा गल्ल्या, एक चर्च
आणि ते मॅनहोल,
ज्याचं झाकण पाऊस नसतानाही नाचतं.

नायकरसाहेब नगरपालिकेतून येतात.
चांगला माणूस, बाटली उकळून आणतो.
पण बाटलीला आठवतो तो फक्त
ती बुडाली तेवढाच क्षण.
सोमवारी दहाला पाणी शहाण्यासारखं वागलं
की कागदावर अख्खा ओढा शहाणा.
आपल्या ह्या आईस्क्रीमच्या डब्यात सांडलेत
ते मात्र रात्रीही इथंच होते,
रविवारी साबण आला तेव्हाही,
शुक्रवारी झाकणातून उसळलं तेव्हाही.
राहिले ते साक्षीदार.
आणि जे राहिले नाहीत, तेही.

हां, आता हलवू नकोस. गाळ बसू दे.
चिलटांच्या लाल अळ्या, दोन गुण.
गांडूळ, दोन. जळू, दोन;
बोटाला लागली तर लागू दे, सोडेल आपोआप.
गोगलगाय, चार.
खेकडा. बघ कसा नांगी उगारतोय,
डबा त्याच्याच बापाचा. सहा.

आणि तो कोपऱ्यातला, चपटा?

म्झामो, भिंग.

दोन शेपट्या. दोनच ना? मोज.
दोन शेपट्या म्हणजे दगडमाशीचं पिल्लू,
म्हणजे सतरा,
म्हणजे चार वर्षांत पहिल्यांदा
चर्चच्या खालच्या अंगाला.
तुझ्या नावाचा अर्थ 'परतल्या',
आमच्याकडे गायींबद्दल म्हणतात तसं;
क्षणभर मला वाटलं, तूच घेऊन आलीस.

म्झामो बेरीज करूनच बसला होता:
तेहेतीस, भागिले सहा, साडेपाच.
'वाईट.'
केवढा आनंदानं म्हणाला तो, 'वाईट!'
मागच्या खेपेला 'अतिवाईट' होतं.

मग तू म्हणालीस, ताई, ह्याच्या पोटाशी काहीतरी हलतंय.

हलत होतं.
दोन्ही कडांना झालरीसारखे कल्ले,
वाऱ्याशिवाय थरथरणारे.
दगडमाशीला तिथं कल्ले नसतात.
एकेका पायाला एकच नखी.
आणि मधोमध, जिथं तिसरी शेपटी असायची,
तिथं एक बारीक खुंट.
तुटलेली. बहुधा तुझ्या टाचेनं,
किंवा माझ्या चिमट्यानं.

कुणी बोललं नाही.
वर रस्त्यावर टॅक्सीवाला गिऱ्हाईक हाकारत होता.
म्झामोनं पेन्सिल चावली आणि म्हणाला,
तुटली ती तुटली, कोणाला कळणार आहे?

अकरा लिही.
सत्तावीस, भागिले सहा. साडेचार.
नकाशावर पुन्हा जांभळा ठिपका.
खरी दगडमाशी येईल त्या दिवशी
सतरा लिहायला जागा रिकामी हवी.

आता डबा वाकव, हळू, काठालगत,
धारेत नको.
आधी खेकडा जाऊ दे, तो बाकीच्यांना खाईल.
तीन शेपट्यांतल्या दोन उरलेल्याला
त्या सपाट दगडाच्या आडोशाला सोड.

दुपार झाली. पाव आणि मासे आहेत पिशवीत.
आधी हात धू.
अगं, ह्या पाण्यात नाही.