शेवटची पंधरा मिनिटं

दर शनिवारी दुपारी एक ते पाच
तुझं रक्त यंत्रातून फिरून तुझ्याकडे परत येतं.
नातेवाइकांनी बाहेर बसावं, अशी पाटी आहे.
बाहेर म्हणजे सहा खुर्च्या, त्यातली एक मोडकी,
आणि साखळीनं बांधलेला पाण्याचा पेला.

पहिले दोन महिने मी तिथे साड्यांना फॉल लावत बसले.
मांडीवर कुणाचं केळवण, कुणाचं डोहाळजेवण,
आणि दारापलीकडे यंत्राची टिटवी.

मग एकदा सुई मोडली.
सुया आणायला उतरले, कर्वे रस्ता ओलांडला,
तर गल्लीत एका बंगल्यापुढे चपलांचा ढीग.
वाटलं, सत्यनारायण असेल, निदान शिरा मिळेल.

आत अंधार होता. पडद्यावर एक म्हातारा
सायकल ढकलत चढ चढत होता.
भाषा कुठली कोण जाणे, खाली अक्षरंही नव्हती.
तीसेक माणसं. कुणीतरी खोकत होतं.
म्हातारा थांबला, टायर दाबून पाहिला,
आणि मान वळवून आमच्याकडे असं बघितलं
जशी हवा आम्हीच सोडली होती.
मी हसले.
चांगली मोठ्यांदा.
शेजारची बाई वळली तेव्हा कळलं
की हा आवाज माझा.

साडेचारला उठले. सुया काढताना
मी नसले की तू सिस्टरशी भांडतोस.

"कुठे होतीस?"
सांगितलं. म्हातारा, सायकल, चढ.
"पुढे?"
पुढचं मी कुठे पाहिलं होतं!
तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरचे शिकलगारमामा,
जे डॉक्टरांशीसुद्धा मानेनंच बोलतात,
डोळे न उघडता म्हणाले,
"ताई, पोचला का तो?"
पोचला, म्हणाले मी.
"वर काय होतं?"
तुझ्या हातावरचा बोळा मी अंगठ्यानं दाबून धरला होता.
दहा मिनिटं दाबावा लागतो, सोडून चालत नाही.
त्या दहा मिनिटांत मी वर एक विहीर खणली,
विहिरीवर एक बाई उभी केली,
बाईच्या हातात हवा भरायचा पंप दिला.
मामा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "बरं केलंत. पंप पाहिजेच."

तेव्हापासून दर शनिवारी एक शेवट लागतो.
मंगळवारी नि गुरुवारी सिनेमा नसतो.
त्या दिवसांसाठी अप्पा बळवंत चौकातून
वीस रुपयांना कवितांचं पुस्तक आणलं,
मुखपृष्ठ फाटलेलं, कवी कोण ते गेलं त्याच्यासोबत.
आधीच्या कुणीतरी हिरव्या शाईनं
एकाच ओळीखाली तीन वेळा रेघ मारलीय,
कागद फाटेस्तोवर.
ओळ साधीच आहे. दिवा, उंबरा, असलं काहीतरी.
पण ज्या रात्री पाटल्या ठेवून आले लक्ष्मी रोडला,
त्या रात्री बसमध्ये दांडा धरून उभी असताना
ती ओळ वाचली, आणि वाटलं,
या हिरव्या शाईवालीनंही काहीतरी ठेवलं असणार कुठेतरी.
दांडेकर पुलापर्यंत आम्ही दोघी उभ्याच होतो.

कवितेनं क्रिएटिनिन उतरत नाही.
दर महिन्याला रिपोर्ट येतो, मला माहीत आहे.
पण तू परवा भात कालवताना विचारलंस,
"त्या विहिरीला पाणी होतं का गं?"
आणि मी भाजीत मीठ दोनदा घातलं.
आता तुझ्यासाठी मीठ म्हणजे काय, हे काय सांगू!
ती भाजी सगळी मी खाल्ली. हसत खाल्ली.

काल चपला शोधत होते तर खळदकर आले मागून,
तिथे सिनेमा लावतात ते.
"दर वेळी अर्ध्यातून उठता तुम्ही.
त्या सायकलवाल्याचा शेवट तरी सांगू का?
अहो, तो शेवटी..."
नको, नको, म्हणाले मी, एक चप्पल पायात, एक हातात.
आमच्याकडे पोचलाय तो.

ते बघतच राहिले.
मी रस्ता ओलांडला तेव्हा आठवलं,
सुया घ्यायच्या आजही राहिल्या.