उभी

चर्चच्या जुन्या वहीत सुन्नेवाच्या नावापुढे
पाद्र्याने एकच शब्द लिहून ठेवलाय: उभी.
बाकी सगळं गाव आडवं.

अठराशे सेहेचाळीसचा उन्हाळा.
पिठाच्या पोत्यांबरोबर गलबतातून गोवर उतरला
फेरो बेटांवर, आणि एकही दार त्याने वगळलं नाही.
गवताच्या छपरांखाली अंधार करून पडलेली माणसं,
डोळे चिकटलेले, अंगाची भट्टी.
मेंढ्या डोंगरावर तशाच, लोकर न कातरलेल्या.
होड्या पालथ्या.

आणि बहात्तर वर्षांची ही बाई
ओढ्यावरून पाणी आणतेय सात घरांना.
मुलाला ती बापाच्या नावाने हाक मारायची,
जेवून उठली की पुन्हा ताट मागायची,
सुनेला विचारायची, तू कुणाची गं?
फणफणलेल्या नातवंडांना पोटाशी घेऊन निजली,
साधी शिंकही आली नाही.

सातव्या वर्षी गोवर येऊन गेला होता तिला.
मग पासष्ट वर्षं तो या बाजूला फिरकला नाही.
ती विसरली.
हाडांच्या मगजात मात्र कुणीतरी बसून होतं,
दिवा न लावता,
एकाच चेहऱ्याची वाट बघत.
ओळखीचा चोर जिवे न सोडी म्हणतात;
इथे ओळखणाऱ्यानेच चोराला सोडलं नाही.

धाकटी मारयुन तेवढी गेली, तिच्याच मांडीवर.
आजीला सगळं देता आलं: दूध, लोकर, ऊब.
ही एक आठवण काढून देता येत नव्हती.

मी क्लाक्सविकच्या दवाखान्यात नर्स आहे.
सुन्नेवा माझ्या आईकडून कितवी तरी पणजी.
आज सकाळी दुरिता आली,
कडेवर सव्वा वर्षाचा रोई, एक मोजा हरवलेला.
म्हणाली, एवढ्याशा थेंबात असतं तरी काय?
म्हटलं, गोवरच. पण दमवलेला, नखं काढलेला.
चेहरा तेवढा खरा.
आठवड्याभराने अंग जरा कढत लागेल कदाचित,
घाबरू नकोस,
आत कुणीतरी तो चेहरा पाठ करत असेल.
चौथ्या वर्षी परत आण, उजळणीला.

रोई भोकाड पसरून रडला.
मग हुंदके देत, नाक वर ओढत,
माझ्याकडे बघत राहिला, अगदी रोखून,
दारातून बाहेर जाईपर्यंत.

मला विसरेल तो. संध्याकाळपर्यंतच.