चौकटींची वही

वही गणिताची होती. मी त्यात गणितं केली नाहीत.
एक चौकट, एक दिवस.
घालियाला आकडी आली की चौकट काळी,
नाही आली तर कोरी.
बाजूला बारीक अक्षरात: वारा होता का,
झोप झाली का, काय खाल्लं.
काय खाल्लं याचं उत्तर
स्मारा छावणीत रोज एकच.
पीठ.

महिन्याकाठी ट्रक येतो. पोत्यांवर
ज्यांनी आम्हाला कधी पाहिलं नाही
त्या देशांचे झेंडे.
वडील पोती उतरवतात. संध्याकाळी यायचे ते
भुवयांसकट पांढरे होऊन,
आणि घालिया त्यांच्या पाठीवर बोटाने
स्वतःचं नाव लिहायची,
मग ते बोट चाटायची.

सातवं लागलं तरी अंगाने पाच वर्षांची.
हातपाय काड्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं.
एकदा चहाचा तिसरा पेला ओतताना
आईचा हात मध्येच थांबला.
घालिया तंबूच्या खांबाकडे बघत होती,
खांब तिला काही सांगत असल्यासारखी.
मग डोळे वर गेले.
मग चटईवर तिच्या टाचा, कितीतरी वेळ.
शेजारच्या तुफ्फाने तिच्या मुठीत
साखरेच्या पेटीची लोखंडी किल्ली कोंबली.
किल्लीने पेटी उघडते, आकडी जात नाही,
हे तुफ्फालाही ठाऊक होतं.
पण हातात काहीतरी द्यायला हवं ना.

उन्हाळ्यात छावणीतली मुलं स्पेनला पाठवतात,
परक्यांच्या घरी, समुद्राजवळ.
घालिया इत्झियार नावाच्या बाईकडे गेली.
तिथे तिचं रक्त काढलं,
नळी घालून आतडं पाहिलं,
आतल्या मखमलीचं पार गोणपाट झालेलं.
डोक्याचा फोटो काढला, तर मागच्या बाजूला
चुन्याचे दोन ठिपके.
डॉक्टर म्हणाली, गव्हातलं ग्लूटेन हिला सोसत नाही,
हे नक्की.
आकडीचा त्याच्याशी संबंध असेल.
गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत.
असेल म्हणजे आहे का, असं आईने फोनवर विचारलं.
असेल म्हणजे असेल, दुभाष्या म्हणाला,
आणि सवयीने पुढे देवाचं नाव जोडलं.

ती परतली ती गाल घेऊन,
शिक्का मारलेला एक कागद घेऊन.
दवाखान्यात कागद दाखवला की
मक्याचं पीठ मिळतं. असलं तर.
आईने तिचं भांडं वेगळं केलं,
त्याच्या कानाला लाल चिंधी बांधली.
टँकरचं पाणी मापून मिळतं आमच्याकडे,
तरी वडील दाराबाहेरच अंग धुतात,
कपडे झटकतात वाऱ्याच्या दिशेने,
आणि मगच आत येतात.
घालिया त्यांच्या पाठीमागे बोट उचलून
उभी राहते थोडा वेळ.
लिहिणार कशावर?

एक्केचाळीस चौकटी कोऱ्या.
बेचाळिसावी काळी.
त्या रात्री मी बाजूला लिहीत बसलो:
म्बारकाच्या लग्नात कुणी भाकरीचा तुकडा दिला असेल.
सकाळची गोळी राहिली असेल.
वाळूचं वादळ होतं, झोप नव्हती.
तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह काढलं.
गुरुजी म्हणाले असते, एका गणिताला
तीन उत्तरं नसतात.
गुरुजींनी आमची चटई पाहिलेली नाही.

त्यानंतर पुन्हा कोऱ्या, नऊ, मग चौदा.
मी मोजत होतो रोज,
जसं कुणी आटत्या विहिरीतलं पाणी मोजावं.

परवा वही उघडली तर
कोऱ्या चौकटींत शेळ्या.
घालियाने काढलेल्या, प्रत्येकीत एक,
काही तीनच पायांच्या, जागा पुरली नाही म्हणून.
जागा नुसतीच पडून होती, ती म्हणाली.
काळ्या चौकटींना तिने हात लावला नव्हता.
फक्त बेचाळिसावीच्या कडेला
एक शिंग टेकवलं होतं.

मी रागावणार होतो.
आता दिवस मोजायचे तर
शेळ्या मोजाव्या लागतात.