गोराईच्या खाडीतल्या तिसऱ्या

चांगुणा वैती टोपली उपडी करते
आणि मी कॅलिपर काढतो.
"आजून मोजतोस काय रं?"

एकीची नक्षी दुसरीला नाही.
कुणावर नागमोडी, कुणावर विटकं जाळं,
एखादी नुसतीच कोरी.
बिजागरी मात्र सगळ्यांची तीच, तेच तीन दात;
एक जरी इकडचा तिकडे झाला
तरी शिंपला नीट मिटत नाही,
आणि खेकडा काही थांबत नाही.

पातळ कवचाच्या फुटतात.
फार जाड, त्या वाढायच्या राहतात.
वर्षानुवर्षं मधल्याच उरतात,
माझा आलेख म्हणजे एक कंटाळवाणी टेकडी.

काळी, पूर्वी शेकड्यात एक.
पदराच्या गाठीतल्या नाण्यासारखी
खाडीने ती खर्चली नाही, टाकलीही नाही.
मग पलीकडे भराव पडला,
वाळूवर गाळ चढला,
आणि काळ्या दिसेनाशा झाल्या,
म्हणजे बगळ्याला.
आज मोजल्या: शंभरात एकतीस.
टेकडी सरकलीय. मोडली नाही.

"चवीला सारक्याच," चांगुणा म्हणते,
आणि बोटाच्या पेराहून लहान तेवढ्या
परत चिखलात फेकते,
रंग न बघता.