निव्वळ वजन

फी बेचाळीस हजार चारशे. चार हप्ते.
परीक्षेच्या फॉर्मचे वेगळे, गुणपत्रिकेचे वेगळे,
आणि मोबाइलचा डेटा, तो तर कोणी धरतच नाही हिशोबात.
कळमन्याच्या धर्मकाट्यावर, रात्रपाळीत,
फुकट गेलेल्या पावतीच्या पाठीवर मी हे मांडते आहे:
वर भरलेलं, खाली रिकामं,
रेघ ओढून निव्वळ.
दुसरी कुठली वजाबाकी मला येत नाही.

योगेश्वर म्हणतो, "काय करून राहिली वो ताई?
एवढ्या पैशात इन्व्हर्टर येते.
अन् फिलॉसॉफी शिकून पगार कोण देते?"
देतात. चौकशी केली मी.
कॉलेजात, तासिका तत्त्वावर.
नेट-सेट झाल्यावर, जागा निघाल्यावर,
आणि बिलं मार्चात निघालीच तर.
तासिका तत्त्व!
दोन वर्षं तत्त्वं वाचून
हातात पडायचं ते हे,
घड्याळ लावून मोजलेलं.
इथे तेरा हजार मिळतात, दर सात तारखेला,
मिरचीच्या हंगामात खोकल्यासकट.

एक फुकटचं लेक्चर ऐकलं मात्र.
सर बहुतेक स्वयंपाकघरातून बोलत होते,
मागे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
म्हणाले, जमिनीवर घडा नाही;
हे 'नाही' आपल्याला दिसतं.
नसणं हाही एक पदार्थच,
असं मानणारी माणसं होती आपल्याकडे,
आणि न मानणाऱ्यांशी
पिढ्यान्‌पिढ्या भांडली ती.

मी कानातली वायर घट्ट दाबली.
बारा वर्षं मी दुसरं काय करते?
दुकालू साहूचा ट्रक तांदूळ उतरवून परत येतो
आणि मी त्याच्यातला नसलेला तांदूळ मोजते.
रिकामा: नऊ हजार आठशे साठ.
दुकालू भरल्या गाडीत बसून राहतो,
रिकामीतून हळूच उतरतो.
तेवढाच पासष्ट किलो तांदूळ होतो त्याचा.
"चढ रे बाबा परत," मी खिडकीतून ओरडते,
तो हसत चढतो, आणि तांदळाचा पुन्हा दुकालू होतो.
सरांना हे सांगायचं होतं.
पण फुकटच्या लेक्चरात प्रश्न विचारता येत नाहीत,
ते फी भरल्यावर.

दुकालूलाच विचारलं मग, करू का रे?
बिडी विझवत म्हणाला,
"दीदी, खाली गाडी भी डीज़ल तो खाती है."
होकार की नकार, कळलं नाही.
पावती खिशात घालून तो राजनांदगावला गेला.

खर्चाची बाजू भरली आहे.
दुपारची झोपही लिहिली मी तिथे,
आईला दवाखान्यात न्यायचे गुरुवारही.
जमेच्या बाजूला कागद कोरा.

तीन वाजता गाड्या थांबतात.
काट्याच्या लोखंडावर दव असतं,
पारडीच्या पुलावर एखादाच दिवा पळताना दिसतो.
मी चपला काढून मधोमध जाऊन उभी राहते,
चाळीस टनांच्या जागेवर एकटी,
आणि मान वळवून आकडा वाचते: पन्नास.
दवाखान्यातल्या यंत्रावर मी चोपन्न भरते.
हा काटा दहा-दहाने मोजतो,
मधलं त्याला दिसत नाही.
वैधमापनवाले दर वर्षी येतात, तपासतात,
शिक्का मारून जातात: काटा बरोबर.
बरोबरच आहे तो.

आत येऊन जमेच्या बाजूला लिहिते, चार किलो.
आणि मलाच हसू येतं.
हप्त्याची शेवटची तारीख मंगळवार.
दहा हजार सहाशे.

तेवढ्यात भंडारा रोडकडून हॉर्न. तुरीची गाडी.
मी पावती उलटी करून डब्याखाली सरकवते
आणि खिडकीतून हात दाखवते:
थोडं पुढे घ्या भाऊ,
मागचं चाक काट्याच्या बाहेर राहून राहिलं.