समुद्रसपाटीपासून

मोजणीवाला म्हणाला, उंची समुद्रापासून धरतात.
दुलीचंद पटले म्हणाला, कोणत्या?
आमच्याकडे बोडी आहे, तिथून धरा.

वर अडीच मीटर सुटलं. माडी बसेना त्यात.
विटा परत गेल्या,
सळया राहिल्या स्लॅबवर उभ्या, गंजत.
सुनेनं त्यांना दोरी बांधली.

शिडी लावून मोहाला चुन्याची रेघ मारली:
याच्यावरचं छाटा.
फुलं याच्यावरच येतात, साहेब.
फॉर्मात फुलांचा रकाना नव्हता.

धावपट्टीवरून शिकाऊ पोरगी उठते,
दिवसातून आठदा तेच वर्तुळ.
पटल्यांच्या लाल लुगड्यापाशी डावीकडे वळायचं,
असं तिनं ठरवून ठेवलंय.

सोमवारी धुणं नव्हतं.
ती बोडीपर्यंत
सरळ गेली.