सीनेकाठी, सुट्टीच्या दिवशी

वडकबाळच्या पुलाअलीकडे रिक्षा थांबली.
अंबादास काहीतरी म्हणाला असेल, सगळे उतरले,
म्हणून मीही उतरलो.

एकतीस वर्षं टॉवेलच्या साच्यांमध्ये उभा होतो.
कानात अजून धोटा जातो-येतो,
जेवताना, झोपताना,
पंखासुद्धा बंद असतो तेव्हा.

वाट सपाट आहे,
राजमणीच्या गुडघ्यांना झेपेल एवढीच.
एका अंगाला करंज, दुसऱ्या अंगाला पाणी.
पाणी कसलं, पौषातलं उरलंसुरलं,
खडकांच्या मधे मधे थांबलेलं,
शाळा सुटली तरी घरी न गेलेल्या
दोन-चार पोरांसारखं.

भार्गवी पुढे. तिच्या चपला माझ्या हातात.
वाकते, शिंपला उचलते, खिशात टाकते.
खिशाला भोक आहे, तिला माहीत नाही.
मी मागून एकेक वेचत चाललोय.

एकदम ती थांबते. बोट वर.
सगळे थांबतात, सुनेचे ओठ हलतात.
कारखान्यात आम्ही ओठच वाचायचो:
कांडी संपली, तार तुटली, चहा आला.
पण हा शब्द तिथला नव्हे.
मी मान डोलावतो. हो हो, ऐकलं.

नातीला थाप कळते.
मागे येते, माझा हात उलटा करते
आणि तळव्यावर बोट वाजवते,
दोन झटपट, एक लांब,
दोन झटपट, एक लांब.
टिटवी, म्हणते. हळूहळू, तोंड वासून, टि ट वी.
एवढंच?
एवढंच, पण सारखं सारखं, ताता.

खंड्या मात्र मला आधी दिसला.
हजार तारांतली तुटलेली एक शोधणारा डोळा आहे हा.
बाभळीवरून निळं काही सुटलं, पाण्यात शिरलं,
निघालं तेव्हा चोचीत चांदी.
मी दाखवेपर्यंत संपलं होतं.

निंबाखाली चादर पसरली, आपल्याच गल्लीतली,
कडेला रंग चुकलेली, म्हणून घरात राहिलेली.
पुलिहोरा, शेंगाचटणी, कडक भाकरी.
भाकरी दाढेखाली मोडली
आणि आवाज आला. मला. कडाड्.
कानातून नाही, हाडांमधून.
मी आणखी एक तुकडा घेतला. मग आणखी एक.
राजमणी बघत राहिली, म्हाताऱ्याला आज भूक किती!

भार्गवीने मांडीवर चढून
आपला कान माझ्या कानाला लावला.
आत काय चालतं ते तिला ऐकायचं होतं.
बराच वेळ ऐकलं.
मग तोंड कानाशी नेऊन काहीतरी बोलली.
ओठ दिसले नाहीत.
कानात नुसती ऊब आली, चटणीच्या वासाची.
धोटा तेवढ्यापुरता थांबला का?
नाही बहुतेक.

परतताना रिक्षात ती झोपली.
तिच्या फ्रॉकच्या खिशात बोटं घालून
भोकाला गाठ मारली,
तुटल्या तारेला मारतात तशी, न बघता.
शिंपले नऊ निघाले.
एक फुटका होता, तोही ठेवला.